पमाचा झब्बू

पमानं माझा झब्बू स्वतःच्या अंगावर घेतला, त्या दुपारी मी ओळखलं की माझं काहीतरी बिनसलंय.

झब्बू माहीत नसलेली माणसं आता निघायला लागलीत, म्हणून सांगते. एकीनं पान लावायचं, बाकीच्यांनी त्याच रंगाचं टाकायचं. जिच्याकडे तो रंगच नाही ती दुसऱ्या रंगाचं पान हाणते, तो झब्बू. मग लावलेल्या रंगात जिचं पान सगळ्यात मोठं, तिनं तो अख्खा ढीग उचलायचा. हातातली पानं संपली की सुटलात. शेवटी जिच्याकडे पानं उरतात तिच्यावर डाव, आणि आमच्याकडे जिच्यावर डाव तिनं चौघींचा चहा करायचा. या खेळात दयामाया नाही, म्हणून तर आम्ही, म्हणजे मी, पमा, कालिंदी आणि नसीम, तो खेळतो.

त्या दिवशी मी चौकटची दश्शी लावली. नसीमच्या हातातली चौकट संपलेली होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, कारण आदल्याच फेरीला तिनं चौकटवरच कालिंदीला झब्बू दिला होता. नसीमच्या आधी पमाची पाळी. पमाकडे दुर्री होती, ती तिनं नंतरच्या फेरीत टाकली तेव्हा मला दिसलीच. दुर्री टाकली असती तर नसीमचा झब्बू सरळ माझ्या डोक्यावर. पण पमानं काय करावं? चौकटचा राजा काढला. झब्बू तिच्यावर बसला, तिनं मुकाट ढीग उचलला आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

पमा गोसावी गोड हसली! आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलेली ही बाई. उसवलेल्या टाक्यावरून मुलींना रडवायची. माझ्याशी तर तिचं रोज वाजायचं. पंखा किती वेगानं, आमटीत गूळ घालावा की नाही, कृष्णाबाईच्या उत्सवात कोणत्या साली कोण पडलं, काहीही चालायचं. आमची मैत्री म्हणजेच ते भांडण होतं. नवरा गेल्यावर घरात माझ्यावर आवाज चढवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मला जिवंत ठेवलं ते पमाच्या तोंडानं. आणि ती हसली. कालिंदी पत्त्यांत बघत राहिली. नसीमनं पदर सारखा केला. 

त्या हसण्याला मी का घाबरले ते कळायला आमचं केंद्र आणि त्याची फरशी सांगावी लागेल.

कराडात पाण्याच्या टाकीमागं ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र आहे. मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले तेव्हा तिथं जाणं म्हणजे लाज होती. दोन पंख्यांतला एक चालू, कॅरमला पावडर नाही, आणि कोपऱ्यात कुणीतरी डुलक्या काढतंय. रिक्षावाला विचारायचा, 'कुठं, त्या म्हाताऱ्यांच्या कोंडवाड्यात?' माझा परगावी राहणारा मुलगा संग्राम तर हात जोडून म्हणाला होता की आई, तिथं जाऊ नकोस, लोक म्हणतील आम्ही तुला विचारत नाही. मी म्हटलं, विचारत नाहीसच की. मग तासभर जुंपली आमची. बरं वाटलं दोघांनाही.

मग फरशी आली आणि सगळं बदललं.

दिसायला साधीच, फिकट राखाडी. पण खाली पातळ चकत्या बसवल्यात. त्यांच्यावर दाब पडला की चिमूटभर वीज तयार होते, आणि त्या विजेवरून पाऊल टिपलं जातं. टाच कधी टेकली, चवडा कधी उचलला, एका पायावर तोल किती वेळ, वळताना किती पावलं घेतली, दोन पावलांमधला वेळ दर वेळी सारखा की मागंपुढं. फरशी आणणाऱ्या डॉक्टर ढवळे बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला समजावलं होतं. चालणं हे पायाचं काम वाटतं, पण ते डोक्याचं काम असतं, असं त्या म्हणाल्या. डोक्याच्या ज्या भागात आठवणींची वर्दळ, त्याच्याच शेजारून पावलांचा ताल चालतो. आठवण डळमळायच्या बऱ्याच आधी तो ताल डळमळतो. इतका बारीक की माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. हजारो म्हाताऱ्यांची चाल वर्षानुवर्षं शिकलेल्या यंत्राला मात्र दिसतो.

एका वेळी दहाजण चालले तर कुणाचं पाऊल कुठलं हे फरशीला कळावं, म्हणून प्रत्येकाला केंद्राच्या सपाता दिल्या. सगळ्या एकसारख्या, निळ्या. तळाला नाव आणि आत तांदळाएवढी चकती. दारात आपल्या चपला काढायच्या, मांडणीतल्या सपाता घालायच्या आणि दिवसभर वावरायचं. आपण पत्ते खेळतो, चहाला उठतो, भांडायला उभं राहतो, आणि फरशी बघत असते.

कळलं तरी करायचं काय, हा पुढचा प्रश्न. औषध नव्हतं. अजून नाही. सुरुवातीला ज्याचं त्याला सांगायचे. तर सांगितलेली माणसं धास्तीनंच लवकर ढासळायला लागली. म्हणून नियम झाला की ज्याचं त्याला सांगायचं नाही. त्याच्या जवळच्या माणसांना सांगायचं. त्यांच्या फोनवर सूचना येते, आणि कसं वागायचं तेही येतं. वाद घालू नका, चूक दाखवू नका, हरवू नका, घाई करू नका. याला सरकारी नाव आहे मृदुवर्तन. गावात म्हणतात, 'त्याला मऊ धरलंय.'

म्हातारपणाकडं बघायची लोकांची नजरच त्यानं फिरली. कॉलेजची पोरं सहलीला यावीत तशी केंद्र बघायला यायला लागली. वाकून नमस्कार. टीव्हीवर चर्चा. बसमध्ये तरुण पोरं उठून जागा द्यायची, आणि तीही मोबाइलमधून मान वर काढून. कोंडवाडा म्हणणारा रिक्षावाला आता पैसेच घेईना. पहिलं वर्षभर आम्ही हुरळलो. मग लक्षात आलं की आधी म्हातारं माणूस म्हणजे अडगळ होती, आता काचेचं सामान झालंय. दोन्ही वस्तूच. मधल्या मधे माणूस म्हणून कुणी बघितलंच नाही. आणि एक नवीन भीती जन्माला आली. कुणी गोड बोललं की काळजात धस्स व्हायचं.

आमच्यातले पहिले बर्गे सर. कॅरमला त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं. सूचना आली आणि आम्ही सगळे त्यांच्याशी हरायला लागलो. अडचण अशी की ते आधीही जिंकतच होते, पण आता सोंगट्या आपोआप त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायला लागल्या. एक दिवस त्यांनी हातातला स्ट्रायकर बोर्डाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं, आणि उठून गेले. परत आले नाहीत. डोकं जायच्या खूप आधी ते आमच्यातून गेले.

त्या दिवशी आम्ही दोघी घरी चालत आलो.  तिच्या फाटकाशी थांबून पमा म्हणाली, "वैजू, माझं असं काही झालं तर मला मऊ धरू नकोस. शेवटपर्यंत भांड माझ्याशी. नाहीतर मी जिवंतपणी एकटी पडेन गं."

मी म्हटलं, तुझ्याशी गोड बोलायला मला वेगळा जन्म घ्यावा लागेल. ती हसली आणि फाटक लावताना मला म्हणाली की ब्लाउजचा हात उसवलाय, बावळटासारखी हिंडू नकोस.

आणि आता तीच पमा माझ्यासाठी राजा टाकत होती.

मी परीक्षा घ्यायला लागले. एक दिवस डाव मांडताना मोठ्यानं म्हटलं, आमची चिपळूण गाडी महाबळेश्वरवरून जायची. कराडच्या माणसासमोर असं बोलणं म्हणजे मार खायचं काम. कालिंदीनं पोस्टात जन्म काढलाय, गावांची नावं तिच्या जिभेवर. ती म्हणाली, असेल असेल. नसीम म्हणाली, तिकडून थंड वाटत असेल ना. पमानं ओठ घट्ट मिटले.  मी मनातल्या मनात सगळे थांबे म्हणून बघितले. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, घाटमाथा, पोफळी, चिपळूण. एकही निसटला नव्हता. पण घाट माझ्या डोक्यात शाबूत असून काय उपयोग, समोरच्यांनी मला आधीच दरीत ढकलून दिलं होतं.

संग्रामचा फोन पूर्वी रविवारी यायचा, आता रोज यायला लागला. मी म्हटलं, बीपीची गोळी बंद करून टाकते, आणि बरणीतलं लोणचं संपवते. पूर्वी त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं, आई तू मला जगू देणार आहेस की नाही म्हणून. आता म्हणाला, "हो आई. तुला हवं ते खा." मागून सूनबाईचा आवाज आला, बरोबर बोललास म्हणून. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून ढसाढसा रडले. माझा मुलगा माझ्याशी भांडायचा बंद झाला होता. आता या जगात मला कुणी 'नाही' म्हणणारं उरलं नव्हतं.

घरी मोठ्यानं बोलायची सवय लागली. भिंतीला उद्देशून म्हणायचे, पुढं सरका, दारात उभं राहू नका, सुटे पैसे काढा. कंडक्टरकीत माझा आवाज डेपोभर जायचा. आता त्या आवाजाला उलट उत्तर येत नव्हतं.

विचारायची सोय नव्हती. केंद्राची व्यवस्था बघणारी शर्वी म्हणून मुलगी आहे, स्वभावानं लाख. तिला आडून आडून विचारलं तर तिनं माझ्या शालीची घडी नीट केली आणि म्हणाली, "काकू, छान आहात तुम्ही." झालं. नियमाप्रमाणे अजून एक फेरतपासणी असते. एकेकानं एकटं चालून दाखवायचं. त्यातही तेच आलं की शिक्का कायमचा. ती तपासणी येत्या गुरुवारी होती.

मंगळवारी माझ्या डाव्या सपातेचा पट्टा उसवला. एरवी पमानं माझा उद्धार केला असता आणि शिवूनही दिला असता. पण तिला विचारलं तर ती प्रेमानं शिवून देईल, ते मला सोसवलं नसतं. म्हणून नसीमकडून सुईदोरा घेतला, खिडकीपाशी बसले आणि सपात उलटी केली.

तळाला नाव होतं, प्रमिला गोसावी.

मी दुसरी उलटी केली. तिथंही प्रमिला गोसावी.

डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. संक्रांतीचं हळदीकुंकू. केंद्रात नवीन सपाता वाटल्या होत्या. पमाच्या पट्ट्याची शिलाई आवळून आलेली, अंगठ्याशेजारचं हाड काचायला लागलं म्हणून ती कुरकुरत होती. माझ्या ढगळ. मी म्हटलं, माझ्या घाल आणि तुझ्या दे, चपलांचं काय घेऊन बसलीस. देवळाबाहेरून दुसऱ्याच्या चपला घालून घरी आलेली माणसं आम्ही. तिळगूळ खाता खाता बदलल्या आणि विसरूनही गेलो. पुढं प्रत्येकीनं आपल्या पायाला सवयीच्या झाल्या त्या उचलल्या, तळ कोण बघतंय?

हे मी विसरले होते म्हणून क्षणभर वाटलं, फरशी म्हणते ते खरं तर नाही? पण नाही. संक्रांतीनंतरच शर्वीनं पमाचं अभिनंदन केलं होतं, तुमची चाल कितीतरी सुधारली म्हणून. पमा टेचात म्हणाली होती, मेथीचे लाडू खाते मी. ती माझी चाल होती! सगळ्या घाटांत तोल सांभाळून तिकिटं फाडलेल्या बाईची चाल.

मला हसू फुटलं. इतकं हलकं वाटलं की उठून पेढे वाटावेत. संग्रामला फोन लावायला मी मोबाइल हातात घेतला सुद्धा. म्हणणार होते, लोणचं खा म्हणतोस रे मेल्या, आता बघते तुला.

आणि नंबर लावता लावता माझी नजर चहाच्या ओट्याकडे गेली.

त्या दिवशी डाव पमावर होता. ती ओट्याशी उभी होती. चहा उकळत होता. तिनं साखरेचा डबा उघडला, चमचे घातले, झाकण लावलं. मग थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग पुन्हा डबा उघडला आणि पुन्हा तेवढेच चमचे घातले. वळली ती एकदम वळली नाही, बारीक बारीक पावलं टाकत वळली.

माझ्या हातातला फोन तसाच राहिला. माझ्या नावावर जी चाल पडली होती ती तिची होती.

चहा पाक झाला होता. कालिंदी आणि नसीम गपचूप प्यायल्या. मीही प्यायले. पमा म्हणाली, आज कमी गोड झालाय का गं? मी हो म्हणून मान हलवली, आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण ती मान मऊच हलली होती.

दोन दिवस मी नुसती घरात फेऱ्या मारत होते. सरळ मार्ग एकच दिसत होता. शर्वीला सपाता दाखवायच्या. चूक दुरुस्त. मला माझा मुलगा परत मिळाला असता, रविवारची भांडणं, माझं 'नाही'. नसीमनं मला झब्बू दिला असता. आणि सूचना पमाच्या पुतण्याकडे गेली असती, तो भला माणूस, त्यानं काकूला फुलासारखं झेललं असतं. कालिंदी तिच्यासाठी राजे टाकायला लागली असती. पमानं एकेक करून सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं असतं.

औषध असतं तर मी एक घटकाही थांबले नसते. औषध नव्हतं. होता तो फक्त मऊपणा, आणि त्याची चव मी चाखली होती.

गुरुवारी मी लवकर गेले. मांडणीतून तिच्या नावाच्या सपाता काढून घातल्या. हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, दारापासून खिडकीपर्यंत फरशी मोकळी. पमा आली. तेवढ्यात शर्वीनं आतून सगळ्यांना सांगितलं की आज प्रत्येकीनं सपातेखालचं नाव एकदा तपासून घ्या.

पमा वाकायला लागली. मी तिचा दंड धरला आणि तिला व्हरांड्यात ओढलं.

"पमे, मला कळलंय," मी म्हटलं. "फरशीनं माझ्याबद्दल काय सांगितलं ते."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. ती रडायला लागली. म्हणाली की तिच्या फोनवर सूचना आली त्या दिवसापासून तिला जेवण जात नाही, माझ्याशी गोड बोलताना तिची जीभ झडते. इतके दिवस हे तिनं एकटीनं वाहिलं होतं. मला वाटत होतं एकटी मीच आहे.

"मग आता ऐक," मी म्हटलं. "बाकीच्यांना काय करायचं ते करू देत. तू मला मऊ धरायचं नाहीस. तूच म्हणाली होतीस ना, शेवटपर्यंत भांड म्हणून? मग भांड."

तिनं डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी तो पट्टा कुणी शिवलाय असा? माझ्या पहिलीतल्या मुली बऱ्या."

सपातेखाली बघायचं राहून गेलं. आमची नावं पुकारली. ती माझ्या सपातांत चालली, मी तिच्या. शर्वीनं पडद्याकडे बघितलं आणि तिचे डोळे माझ्यावर येऊन थांबले, पाणावलेले. मी तिला म्हटलं, पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. ती हसली बिचारी.

आता त्याला सात-आठ महिने झाले. संग्राम रोज फोन करतो आणि रोज 'हो' म्हणतो. मी त्याला सांगत नाही. सांगितलं तर तो आनंदानं ओरडेल, आणि तासाभरात कराडभर होईल. कधी कधी त्याचा 'हो आई' ऐकून वाटतं की ओरडावं, अरे मी धडधाकट आहे, माझ्यावर चिड की जरा. मग फोन ठेवून देते आणि भिंतीला सांगते.

संध्याकाळी केंद्रातून निघताना मी सगळ्यांसमोर म्हणते, पमे, मला सोबत कर गं, मला रस्ता कळत नाही हल्ली. ती ऐटीत माझा हात धरते. वाटेत चुकायला लागली की मी मोठ्यानं म्हणते, आपण इथून उजवीकडे वळतो की काय, मला आठवत नाही. मग ती म्हणते, उजवीकडेच, एवढं सुद्धा कळत नाही तुला. तिचं घर आधी लागतं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत जाते, गॅस बंद आहे ना ते बघते, दिवा लावते, आणि ती माझ्या हिंडण्याफिरण्यावर, केसांवर, सुनेवर ताशेरे ओढत बसते. मग मी एकटी घरी येते. कुणाशी बोलू म्हटलं तरी बोलण्यासारखं काही राहत नाही, कारण जे आहे ते बोलायचं नाही.

हेही एक प्रकारचं मऊ धरणंच झालं, मला कळतं. पण तिला ते कळत नाही, आणि भांडणात मी काही कमी करत नाही. एवढंच माझ्या हातात आहे.

काल दुपारी डाव रंगला होता. मी इस्पिकची राणी लावली. कालिंदीनं छक्की टाकली, नसीमनं चौकी. पमानं जोरात बदामचा एक्का हाणला. झब्बू! मी बोंबलत सगळा ढीग उचलला. दोन फेऱ्यांनंतर लावायची पाळी पमाची आली, आणि तिनं पान लावलं, इस्पिकची सत्ती.

टेबल गार पडलं. रंग हातात असून झब्बू देणं हा आमच्याकडे खून समजतात. पमानं आयुष्यात असं केलेलं नाही. कालिंदीची भुवई वर गेली. नसीम सत्तीकडे बघत होती, मग हळूहळू तिची नजर पमाकडे वळायला लागली.

"ती सत्ती माझी आहे," मी म्हटलं. "मघाशी ढीग उचलताना मीच तिच्या पानांत सरकवली. असं व्हायला लागलंय माझं."

नसीमचा चेहरा लगेच मवाळ झाला. कालिंदीनं माझ्या हातावर हात ठेवला. पमानं सत्ती उचलून माझ्यासमोर आपटली.

"तरीच!" ती म्हणाली. "डोकं ठिकाणावर ठेवून खेळ गं जरा. सगळ्या डावाचा विचका केलास."

त्या दोघींनी तिच्याकडे असं बघितलं की आजारी बाईशी असं बोलतात का. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी तिला चार शब्द सुनावले, तिनं मला आठ सुनावले. शेवटी डाव माझ्यावरच आला आणि मी चहाला उठले.

ओट्याशी पाठ करून उभी राहिले. आधण ठेवलं, आलं ठेचलं. हे भांडण किती दिवस पुरेल ते मला माहीत नाही. एक दिवस पमाही माझ्या कुठल्याशा बोलण्यावर नुसती मान हलवेल, आणि तेव्हा खरं काय होतं हे सांगायला मला कुणी उरणार नाही. डोळे भरून आले, ते ठेचलेल्या आल्यामुळं नव्हे. मी साखरेचा डबा उघडला.

"साखर बघून घाल," मागून पमाचा आवाज आला. "मागं एके दिवशी दोनदा घातली होतीस. पाक झाला होता चहाचा."

"घालते गं बाई बघून," मी ओरडले, "तू गप पानं पीस."